आणीबाणीच्या कळा



वसंत व्याख्यानमालेत उभे राहावयाचे म्हणजे वक्त्याने आरंभी वसंताविषयी दोन गोड शब्द बोलावेत, अशी प्रथा आहे. परंतु आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात वसंत येतो तो पळसाच्या फुलांबरोबर वणव्याची काळजीही घेऊन. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या लेखी आगीचा हंगाम. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून कोणी झाडाखालचा पाचोळा पेटवितो, तेंदूला कोवळी पालवी यावी म्हणून कोणी आग लावतो, आणि वारा फिरला की ती आग कोणाच्याच हाती राहत नाही. म्हणून हंगामाच्या आधीच जंगलात पट्टे आखून त्यांवरचे गवत आणि पाचोळा देखरेखीखाली जाळून टाकतात. त्या पट्ट्याला जाळरेषा म्हणतात. वणवा तिथवर आला की त्याला पुढे खावयास काही उरत नाही. ह्या जाळरेषेची एकच गोष्ट मला आज आपल्या ध्यानात आणून द्यावयाची आहे. ती आग लागण्याच्या आधी आखावी लागते. आग दिसल्यावर फावडे शोधावयास निघालेल्या माणसासाठी जंगल थांबून राहत नाही.

माझा आजचा विषय संगणकाचा आहे, जंगलाचा नव्हे. लिनक्सवर चालणारा संगणक मध्येच थिजला तर कळफलकावरील कोणत्या कळा दाबाव्यात, आणि त्या कळा कामी याव्यात म्हणून आधी काय करून ठेवावे, एवढाच तो विषय आहे. विषय लहान आहे, पण संगणकावर ज्याचे काम साठले आहे त्याच्या दृष्टीने तो लहान नाही.

लिनक्स हे नाव काहींना नवे असेल. संगणकातील सर्व कार्यक्रमांना कामाला लावणारी, त्यांना स्मृती, पडदा, तबकडी वाटून देणारी जी मूळ व्यवस्था असते तिला कार्यप्रणाली म्हणतात. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ साली अशा एका प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो जगाला खुला केला. त्या गाभ्याभोवती आज अनेक प्रणाली उभ्या आहेत. त्यांतील उबुंटू पुष्कळांच्या परिचयाची असेल. आपल्या देशात प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, ‘बॉस’ नावाची प्रणाली ह्याच गाभ्यावर तयार केली. जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी जो ई-कोर्ट प्रकल्प २००७ साली सुरू झाला, त्यातही खुल्या आज्ञावलीचा स्वीकार झाला. खटल्यांची नोंद ठेवणारी व्यवस्था पुण्याच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने घडविली आणि न्यायाधीशांच्या संगणकांवर उबुंटू आली. तेव्हा न्यायालयाची पायरी चढण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांनी आपल्या नकळत लिनक्सचे काम पाहिले असण्याचा पुष्कळ संभव आहे. शिवाय परवान्याचा पैसा पडत नाही आणि जुन्या यंत्रावरही चालते, म्हणून शाळा, वाचनालये आणि विद्यार्थी ही प्रणाली आपणहून घेतात.

आता प्रसंग पाहू. आपण काम करीत आहात आणि पडदा एकाएकी निश्चल होतो. बाण हलत नाही, अक्षर उमटत नाही. अशा वेळी आपण काय करतो? दोन मिनिटे उंदीर आपटतो, मग घरातल्या मुलाला हाक मारतो, आणि मुलगा घरी नसला तर तारेची पिन उपटतो. हे मी आपली चेष्टा करण्यासाठी सांगत नाही, कारण मी स्वतः हेच केलेले आहे.

एका वाचनालयातील जुन्या पुस्तकांची यादी मी तीन महिने खपून तयार केली होती. शेवटच्या दिवशी ती फाइल संगणकातून उचलून पेनड्राइव्हवर नेली. नक्कल नव्हे, फाइलच हलविली. पडद्यावर काम पुरे झाल्याची खूण दिसली आणि पुढच्या क्षणी पडदा थिजला. मी पिन उपटली. यंत्र पुन्हा सुरू केले तेव्हा संगणकात यादी नव्हती आणि पेनड्राइव्हवर तिचे नुसते नाव होते, आत एक अक्षर नव्हते. काम पुरे झाले असे यंत्राने सांगितले होते, मग यादी गेली कुठे?

हे नीट समजले तर पुढचे सारे सोपे आहे. आपण पत्र पेटीत टाकतो तेव्हा आपल्या बाजूने पत्र पाठवून झालेले असते, पण ते अजून पेटीतच पडलेले असते. थैली भरून गाडीत जाईपर्यंत ते गावाबाहेर गेलेले नसते. संगणकही तसेच करतो. तबकडीवर किंवा पेनड्राइव्हवर लिहिणे हे स्मृतीत लिहिण्याच्या मानाने फार सावकाश होणारे काम आहे, म्हणून लिहावयाचा मजकूर तो आधी स्मृतीत ठेवतो आणि सवडीने, सामान्यतः अर्ध्या मिनिटाच्या आसपास, खाली उतरवू लागतो. तेवढ्यात वीज तोडली तर पेटीतली पत्रे पेटीसकट गेली असे समजावे. आजच्या फाइलव्यवस्था रोजनिशी ठेवतात, त्यामुळे कपाटाची मांडणी सहसा बिघडत नाही. पण रोजनिशी कपाट वाचविते, कपाटात न पोचलेला कागद ती परत आणीत नाही.

आणि गंमत अशी की, ज्या क्षणी मी पिन उपटली त्या क्षणी यंत्र बहुधा जिवंत होते. पडदा थिजणे आणि संगणक मरणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पडद्यावरच्या खिडक्या, बाण, चित्रे ही सारी एका वरच्या व्यवस्थेची कामे. तिच्या खाली गाभा असतो. दुकानातला गल्ल्यावरचा नोकर घेरी येऊन पडला तरी आतल्या खोलीत मालक शुद्धीवर असावा, तसा हा प्रकार आहे. आपण नोकराला हाका मारीत राहतो. मालकाला हाक मारण्याची युक्ती ठाऊक असली तर काम होते. आणीबाणीच्या कळा म्हणजे मालकाला थेट हाक मारण्याची ती युक्ती.

तिचा वापर मात्र एकदम करू नये. घरात धूर दिसला म्हणून कोणी लगेच छप्पर उतरवीत नाही. प्रथम थोडे थांबावे. स्मृती अपुरी पडली की यंत्र तबकडीचा आधार घेऊ लागते आणि अतिशय मंद होते, पण एक-दोन मिनिटांत कित्येकदा सावरते. बाण हलत असेल आणि एकच कार्यक्रम अडला असेल, तर ऑल्ट आणि एफ-४ ह्या कळांनी तो बंद करून पाहावा. कळफलकाच्या मांडणीत आपल्या पसंतीची जोडकळ नेमून तिच्यावर ‘सिस्टम मॉनिटर’ उघडेल अशी सोयही करता येते. ह्या साऱ्या जोडकळा मात्र गल्ल्यावरचा नोकरच ऐकतो, म्हणून तो पडल्यावर त्यांचा उपयोग नाही. त्यापुढची पायरी म्हणजे कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३. ह्यांनी चित्रे नसलेला, नुसत्या अक्षरांचा दुसरा पडदा उघडतो. तेथे नाव व परवलीचा शब्द देऊन आत जाता येते आणि अडलेला कार्यक्रम हुकूम देऊन थांबविता येतो. एवढ्यानेही भागले नाही, म्हणजे मग मालकाला हाक.

आपल्या कळफलकावर ‘प्रिंट स्क्रीन’ नावाची एक कळ आहे. तिच्यावर किंवा तिच्या खाली पुष्कळदा बारीक अक्षरांत ‘सिस-आरक्यू’ असे लिहिलेले असते. आयबीएम कंपनीने १९८४ साली आपल्या पीसी-एटी ह्या संगणकाच्या कळफलकावर ही कळ बसविली. कार्यक्रमांना बाजूस सारून थेट प्रणालीला विनंती करण्यासाठी ती होती. तिचा फारसा उपयोग कोणी केला नाही. लिनक्सच्या गाभ्याने मात्र ह्या पडीक कळीला काम दिले. ऑल्टची कळ दाबून धरावयाची, सिस-आरक्यू दाबावयाची, आणि मग एक अक्षर दाबावयाचे. कळफलकाची ही खूण वरच्या व्यवस्थेकडे जाण्याआधीच गाभा उचलून घेतो. काही लॅपटॉपवर ही कळ एफ-एन कळीच्या जोडीने दाबावी लागते. अशा वेळी सिस-आरक्यू दाबून सोडावी, ऑल्ट मात्र दाबलेलीच ठेवावी आणि मग अक्षर दाबावे.

अक्षरे सहा आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिले आर. वरच्या व्यवस्थेने ताब्यात घेतलेला कळफलक ह्याने गाभ्याकडे परत येतो. दुसरे ई. सर्व कार्यक्रमांना ‘आवरा आणि निघा’ अशी सूचना जाते. सभ्य कार्यक्रम ही सूचना मिळताच आपले कागद गोळा करून बंद होतात, म्हणून येथे पाच-दहा सेकंद थांबावे. तिसरे आय. सूचना न ऐकणाऱ्यांना आता सक्तीने बाहेर काढले जाते. चौथे एस. पेटीतली सर्व पत्रे तबकडीवर उतरविण्याचा हुकूम. येथेही थांबावे आणि यंत्रावरचा तबकडीचा दिवा असेल तर तो शांत होण्याची वाट पाहावी. पाचवे यू. ह्याने कपाटे बंद होतात, म्हणजे वाचता येतात पण त्यांत काही लिहिता येत नाही. सहावे बी. यंत्र तत्काळ नव्याने सुरू होते. हे शेवटचे अक्षर कोणाला काही विचारीत नाही. म्हणून ते शेवटी. घाईत ते आधी दाबले तर पिन उपटल्यासारखेच झाले.

हा क्रम लक्षात ठेवण्यासाठी इंग्रजीत एक हत्तींचे वाक्य प्रचलित आहे. आपल्याकडे हत्तीपेक्षा वणवा जवळचा, म्हणून मी माझ्यापुरते एक मराठी वाक्य जुळविले आहे : ‘रानात ईशान्येला आग, सर्वांनी युक्तीने बचावावे.’ प्रत्येक शब्दाच्या पहिल्या उच्चारावरून आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरे आठवतात. वाक्यात काव्य नाही, पण घाबरलेल्या माणसाला काव्याचा उपयोगही नसतो.

मराठीत टंकलेखन करणाऱ्यांना येथे एक शंका येईल. कळफलक मराठीवर असताना ही रोमन अक्षरे दाबावयाची कशी? शंका रास्त आहे, पण चिंता नको. गाभा लिपी पाहत नाही, कळीची जागा पाहतो. इन्स्क्रिप्ट मांडणी चालू असली तरी आरच्या जागेवरची कळ ही त्याच्या लेखी आरच असते. ज्यांच्या कळांवर केवळ मराठी अक्षरे आहेत त्यांनी असे लक्षात ठेवावे : दीर्घ वेलांटी, काना, ग, एक मात्रा, ह आणि व. ह्याच त्या सहा कळा.

आणखी एक अक्षर सांगून ठेवतो, एफ. एखाद्या कार्यक्रमाने सारी स्मृती गिळून यंत्राला गळफास लावला असेल, तर ऑल्ट, सिस-आरक्यू आणि एफ ह्यांनी गाभा स्मृती खाणारा कार्यक्रम निवडून त्याला मारतो. पुष्कळदा एवढ्यानेच यंत्र मोकळे होते आणि सहा अक्षरांची गरज पडत नाही.

आता विषयाच्या मर्माकडे येतो. आपण घरी जाऊन ह्या सहा कळा दाबाल आणि कदाचित पहिल्या तीन अक्षरांनी काहीच होणार नाही. त्याचे कारण असे की, कोणत्या हाका ऐकावयाच्या हे गाभ्याने एका आकड्याने ठरविलेले असते. शून्य म्हणजे एकही ऐकावयाची नाही, एक म्हणजे सर्व ऐकावयाच्या. त्यामधल्या व्यवस्थेसाठी प्रत्येक अधिकाराला एकेक आकडा आहे. कळफलक परत घेण्याचा ४, पत्रे उतरविण्याचा १६, कपाटे बंद करण्याचा ३२, कार्यक्रमांना सूचना देण्याचा व मारण्याचा ६४, यंत्र नव्याने सुरू करण्याचा १२८. जे अधिकार द्यावयाचे त्यांची बेरीज करून तो आकडा लिहावयाचा. उबुंटूत हा आकडा मुळात १७६ असतो, म्हणजे १६, ३२ आणि १२८. एस, यू आणि बी चालतात. आर, ई, आय आणि एफ चालत नाहीत. त्यांत ४ आणि ६४ मिळविले की २४४ होतात आणि सहाही अक्षरे चालू लागतात.

सर्वच अधिकार आरंभापासून का दिले नाहीत, असे कोणी विचारील. ह्याचे उत्तर आगगाडीच्या डब्यात आहे. धोक्याची साखळी प्रत्येक उतारूच्या हाताशी असते, आणि तिच्याखाली दंडाची सूचनाही असते. कारण साखळी ओढणारा नेहमी संकटातलाच असतो असे नाही. कळफलकाशी बसलेल्या कोणालाही ह्या हाका मारता येतात, त्यासाठी परवलीचा शब्द लागत नाही. कुलूपबंद पडद्यासमोर बसलेल्या परक्या माणसाने कार्यक्रम मारण्याचा अधिकार वापरला, तर पडद्याचे कुलूप राखणारा कार्यक्रमच मारला जाण्याची शक्यता उरते. अपघातानेही कळा दाबल्या जातात. पूर्वी कंट्रोल, ऑल्ट आणि बॅकस्पेस ह्या कळांनी चित्रांची सारी व्यवस्था एका झटक्यात बंद होत असे. चुकून ह्या कळा दाबून लोकांचे काम बुडू लागले, तेव्हा २००९ च्या सुमारास उबुंटूसारख्या प्रणालींत ती सोय मुळातच बंद ठेवण्यात आली. तेव्हा आकडा वाढविणे म्हणजे अधिकार वाढविणे, आणि अधिकार वाढला की जबाबदारी वाढली.

म्हणून माझा सल्ला असा. घरी एकट्याच्या वापरातले यंत्र असेल तर २४४ हा आकडा ठेवावा. वाचनालयात किंवा शाळेत, जेथे दहा हात कळफलकावर पडतात, तेथे १७६ च बरा. पत्रे उतरवून, कपाटे बंद करून यंत्र पुन्हा सुरू करता येते, एवढे तेथे पुरेसे आहे. आणि कचेरीतले, न्यायालयातले यंत्र असेल तर त्याच्या आकड्याला आपण हात लावू नये. तो अधिकार ज्याच्याकडे यंत्रांची देखभाल सोपविली आहे त्याचा. त्याला विचारून आपल्या यंत्रावर काय चालते तेवढे माहीत करून घ्यावे.

आकडा बदलण्याची रीत अवघड नाही. ‘इटीसी’ ह्या कोठीत ‘सिसीटीएल डॉट डी’ नावाची पोटकोठी आहे. उबुंटूत तिच्यातील ‘मॅजिक-सिसआरक्यू’ हे शब्द असलेल्या फाइलीत ‘कर्नल डॉट सिसआरक्यू बरोबर १७६’ अशा अर्थाची एक ओळ असते. व्यवस्थापकाच्या अधिकाराने ती फाइल उघडून १७६ च्या जागी २४४ लिहावे, फाइल जतन करावी आणि यंत्र एकदा बंद करून सुरू करावे. जाळरेषा आखून झाली.

पण आखलेली जाळरेषा हंगामात पुन्हा एकदा पाहून यावी लागते. म्हणून एखाद्या निवांत रविवारी तालीम करावी. यंत्र चांगले चालू असताना ऑल्ट, सिस-आरक्यू आणि एस एवढेच दाबावे. ह्याने काही बिघडत नाही. मग अक्षरांच्या खिडकीत व्यवस्थापकाच्या अधिकाराने ‘डीमेसग’ हा हुकूम द्यावा. शेवटी ‘इमर्जन्सी सिंक’ असे शब्द दिसले की मालकाने हाक ऐकली असे समजावे. न दिसले तर कळ कोठे आहे, एफ-एन लागते काय, आकडा बदलला काय, हे शांतपणे पाहता येते. संकटात ह्यातले काहीही सुचत नाही. त्यानंतर एकदा सर्व कागद जतन करून, सर्व खिडक्या बंद करून सहाही अक्षरांची तालीम करावी आणि ती सहा अक्षरे एका चिठ्ठीवर लिहून यंत्राशेजारी डकवावीत. चिठ्ठी यंत्रातच लिहून ठेवणारे गृहस्थ मला भेटलेले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

ह्या कळांची मर्यादाही सांगितली पाहिजे. लिहून जतन न केलेला मजकूर त्या वाचवीत नाहीत, कारण तो पेटीतच पडलेला नसतो, आपल्या मेजावरच असतो. गाभाच बंद पडला असेल तर हाक ऐकणारा कोणी नसतो. तेव्हा वीज-बटण पाच-सात सेकंद दाबून धरण्यावाचून गत्यंतर नाही. आणि वीजच गेली तर कळा काय करणार? आपल्या शेजारच्या दुर्गापूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे, पण तेवढ्यावर आपल्या घरचा दिवा जात नाही अशी खात्री आपल्यापैकी कोणी देणार नाही. त्यासाठी बॅटरीची सोय निराळी हवी, आणि महत्त्वाच्या कागदाची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी हवी. माझ्या यादीची दुसरी प्रत असती, तर हे व्याख्यान कदाचित झालेच नसते.

शेवटी एवढेच विचारतो, की हे सारे आपणच का शिकावे? पुण्या-मुंबईत यंत्र अडले तर दुरुस्त करणारा तासाभरात येतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. तेथील शिक्षकाने किंवा कारकुनाने कोणाची वाट पाहावी? आणि वाट पाहून पाहून त्याने पिन उपटली, तर गेलेला कागद त्याच्या एकट्याचा नसतो. त्यात कोणाचे वनहक्काचे अर्ज असतात, कोणाची मजुरी असते, कोणाच्या मुलाचा दाखला असतो. जेथे मदत दूर आहे तेथे उपायाचे ज्ञान जवळ असले पाहिजे, आणि ते संकटाच्या आधी असले पाहिजे. जंगलाच्या काठी राहणाऱ्यांना हे मी सांगावे असे नाही. आपण जाळरेषा आखणारी माणसे आहोत. तीच रीत कळफलकावरही ठेवावी, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.